१८७० ची भिंत आणि अक्षर लावणारे स्वयंसेवक



पेट पास झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय. या टप्प्यावर असलेल्या बहुतेकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "डेटा कुठून घेऊ?" त्याच्या आधीचा प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही. जो डेटा आपल्याला एक्सेलच्या रकान्यांत आयता मिळतो, तो तिथे कुणी भरला आणि कसा भरला?

मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी. आमच्याकडे उपकरणावर रीडिंग येतं, आपण ते लिहून घेतो. त्यामुळे डेटा हा कुणीतरी 'तयार' केलेला असतो, हे लक्षातच राहत नाही. ते समजून घ्यायला इतिहासाच्या क्षेत्रातलं एक उदाहरण फार उपयोगी पडतं. जुन्या हस्तलिखित नोंदी वाचून त्या संगणकात उतरवणारे हजारो स्वयंसेवक जगभर आहेत. त्यातले बरेच जण हे काम घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांसाठी करतात. पगार नाही, पेपरवर नाव नाही. पण त्यांनी एक अक्षर कसं वाचलं, यावर कुणाला आपली खापरपणजी सापडणार की नाही हे ठरतं.

आपण आज जे उदाहरण घेणार आहोत ते अमेरिकेतलं आहे. कारण तिथे या कामावर काय पणाला लागलेलं असतं ते अगदी स्पष्ट दिसतं.

भिंत म्हणजे काय?

अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. १८५० पासून तिच्यात प्रत्येक मुक्त माणसाचं नाव लिहिलं जाऊ लागलं. गुलामगिरीत असलेल्यांसाठी मात्र १८५० आणि १८६० या दोन्ही वेळी वेगळी यादी केली गेली. तिच्यात वर मालकाचं नाव, आणि खाली ओळीने वय, लिंग, वर्ण. थोडे अपवाद सोडले तर गुलामाचं नावच नाही. १८६० मध्ये अशा लोकांची संख्या होती जवळजवळ ४० लाख.

डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतरची पहिली जनगणना १८७० ची. तिच्यात ही माणसं देशाच्या जनगणनेत पहिल्यांदा नावानिशी आली.

आता आज कुणी कृष्णवर्णीय अमेरिकन बाई आपलं घराणं शोधायला बसली असं समजा. आजी, पणजी, खापरपणजी असं मागे मागे जात ती १८७० पर्यंत पोचते आणि तिथे थांबते. खापरपणजी १८७० मध्ये ३५ वर्षांची असेल, तर १८६० च्या यादीत ती 'स्त्री, वय २५, काळी' एवढीच असणार. अशा ओळी हजारो. त्यातली आपली कोणती, हे ओळखायचं तर आधी मालक कोण होता ते कळायला हवं, आणि नेमकं तेच ठाऊक नसतं. घराण्यांचा शोध घेणारे याला '१८७० ची भिंत' म्हणतात.

या भिंतीला खिडक्या आहेत, पण थोड्या. त्यातल्या दोन महत्त्वाच्या.

दोन दप्तरं, एकच तारीख

३ मार्च १८६५ या एकाच दिवशी दोन संस्थांचे कायदे झाले. पहिली फ्रीडमेन्स ब्युरो. युद्ध खात्याच्या अखत्यारीतली ही कचेरी, प्रमुख जनरल ऑलिव्हर हॉवर्ड. मुक्त झालेल्या लोकांना शिधा देणं, दवाखाने चालवणं, शाळांना मदत करणं, मजुरीचे करार लिहून घेणं, गुलामगिरीच्या काळात झालेल्या लग्नांची नोंद करणं, मारहाणीच्या आणि खुनाच्या तक्रारी टिपणं, अशी सगळी कामं तिच्याकडे होती. १८७२ मध्ये ती बंद झाली. सात वर्षांत दक्षिणेतल्या तिच्या कचेऱ्यांमधून कागदांचे ढीग तयार झाले. सगळे हाताने लिहिलेले.

दुसरी संस्था फ्रीडमन्स बँक. मुक्त झालेल्यांनी आपली बचत इथे ठेवावी, ही कल्पना. १८७४ मध्ये ही बँक बुडाली आणि साठ हजारांहून अधिक खातेदारांचे पैसे अडकले. गैरव्यवहार आणि धोक्याची कर्जं ही त्यामागची मोठी कारणं. शेवटच्या काही महिन्यांत तर फ्रेडरिक डग्लस हे स्वतः गुलामगिरीतून आलेले नेते बँकेचे अध्यक्ष होते, पण तोवर फार उशीर झाला होता.

बँक बुडाली, तिची रजिस्टरं मात्र राहिली. खातेदार खरा कोण हे पटावं म्हणून कारकून त्याला बरंच काही विचारत असे. जन्म कुठे, राहणं कुठे, काम काय, नवरा किंवा बायको कोण, मुलं कोण, आईवडील, भाऊबहिणी कोण. सुरुवातीच्या छापील फॉर्मवर तर पूर्वीच्या मालकाचं आणि मळ्याचं नाव लिहायचाही रकाना होता. म्हणजे भिंतीपलीकडे जायला जे हवं, तेच. लोकांचे पैसे गेले, पण त्यांच्या घरच्यांची नावं त्या बँकेच्या वह्यांत टिकली.

वाचलं कुणी?

कागद आहेत, जपलेले आहेत, मायक्रोफिल्मही झालेली आहे. पण ज्याला नाव शोधायचंय त्याच्या हाती काय? हजारो पानं, नावांची सूची नाही. कुठल्या कचेरीत, कुठल्या साली आपला माणूस गेला हे ठाऊक असेल तरच उपयोग.

बँकेच्या रजिस्टरांची सूची केली ती युटा राज्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी. साडेपाचशेच्या आसपास कैदी, काम स्वेच्छेचं, आणि अकरा वर्षं लागली. २००१ मध्ये ती सीडीवर प्रसिद्ध झाली. नावं सुमारे ४ लाख ८० हजार.

ब्युरोच्या कागदांचं काम त्याहून मोठं. २००० साली अमेरिकी काँग्रेसने हे कागद जपण्यासाठी खास कायदा केला, मग राष्ट्रीय अभिलेखागाराने स्थानिक कचेऱ्यांच्या कागदांची मायक्रोफिल्म करून घेतली. १९ जून २०१५ रोजी फॅमिलीसर्च या संस्थेने, अभिलेखागार आणि कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या संस्था-संग्रहालयांना सोबत घेऊन, स्वयंसेवकांना हाक दिली. वर्षभरात २५ हजारांहून अधिक लोकांनी सुमारे १८ लाख नावं उतरवली. घरच्या टेबलावर बसून, रोज थोडा थोडा वेळ देऊन.

सूची म्हणजे फक्त नाव, तारीख, गाव. पत्रात काय लिहिलंय ते सूचीत येत नाही. म्हणून स्मिथसोनियनच्या नक्कल-उपक्रमात याच ब्युरोच्या कागदांची अक्षरशः पूर्ण नक्कल करण्याचं काम स्वयंसेवकांकडे आलं. एकजण उतरवतो, दुसरा तपासतो, मग संस्थेचे लोक मान्यता देतात.

आता आपल्या कामाच्या गोष्टींकडे येऊ. या स्वयंसेवकांना जे नियम पाळावे लागतात, ते तुमच्या प्रयोगशाळेत किंवा फील्डवर्कमध्येही जसेच्या तसे लागू आहेत.

पहिला धडा: जे दिसतं तेच लिहा

हा नियम ऐकायला सोपा, पाळायला अवघड. मजूर करार करायला कचेरीत आला, नाव सांगितलं, कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे. उतरवणाऱ्याला वाटतं, स्पेलिंग चुकलंय, सुधारूया. सुधारायचं नाही! त्या 'चुकीच्या' स्पेलिंगमध्ये तो माणूस स्वतःचं नाव कसं उच्चारत होता याचा माग असतो. तुम्ही ते नीटनेटकं केलंत की तो कायमचा पुसला.

मग शोधणाऱ्याची सोय? ती दुसऱ्या रकान्यात. मूळ वाचन एका रकान्यात, प्रमाण रूप दुसऱ्यात. आपण याला रॉ डेटा आणि प्रोसेस्ड डेटा म्हणतो, तेच हे. रॉ फाईलवरच 'फाइंड अँड रिप्लेस' चालवू नका, असं गाईड का ओरडतात ते इथे कळतं.

याच नियमाची दुसरी, जड बाजूही आहे. या कागदांत अपमानास्पद शब्द आहेत, खुनांच्या आणि अत्याचारांच्या नोंदी आहेत. उतरवणाऱ्याला ते शब्द सौम्य करावेसे वाटतात. ते करायचं नाही. कचेरीतला माणूस समोरच्याला काय म्हणत होता, हाही पुरावाच आहे.

दुसरा धडा: लिहिणाऱ्याची रीत शिका

'अक्षर लागत नाही' असं आपण म्हणतो. अक्षर नुसतं डोळे ताणून लागत नाही, त्यासाठी त्या काळची लिहिण्याची रीत माहीत असावी लागते. त्या काळी इंग्रजीत दोन एस लागोपाठ आले की काही जण पहिला एस लांब काढत, आणि तो हुबेहूब एफसारखा दिसतो. त्यामुळे 'जेसी' हे नाव नवख्याला 'जेफ्सी' दिसतं. सूचीत 'जेफ्सी' गेलं, तर 'जेसी' शोधणाऱ्या नातवंडांना तो माणूस मिळणारच नाही. कागद आहे, फोटो आहे, नावही आहे, पण तिथे पोचायचा रस्ता बंद.

संक्षेपांचं तसंच. 'जस' म्हणजे जेम्स, 'जनो' म्हणजे जॉन. पत्रात '४ इन्स्टंट' असेल तर चालू महिन्याची ४ तारीख, 'अल्टिमो' असेल तर मागच्या महिन्याची. हे ठाऊक नसेल तर तारीख अख्ख्या महिन्याने चुकते. वरच्या ओळीतलंच खाली घ्यायचं असेल तेव्हा 'डिट्टो'ची खूण असते, ती सुटली की कुटुंबाचं आडनावच सुटतं.

अनोळखी अक्षर आलं की अनुभवी लोक एक युक्ती करतात. त्याच कारकुनाच्या हातचं, ज्याच्याबद्दल शंका नाही असं एखादं नेहमीचं शब्दरूप शोधायचं, उदाहरणार्थ महिन्याचं नाव. त्यातलं अक्षर आणि आपलं शंकेचं अक्षर शेजारी ठेवून पाहायचं. विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर हे कॅलिब्रेशन. माहीत असलेल्या नमुन्यावर उपकरण लावून पाहायचं, मग अनोळखी नमुन्याकडे जायचं.

तिसरा धडा: रिकामं म्हणजे नेमकं काय?

बँकेच्या फॉर्मवर 'वडील' हा रकाना रिकामा आहे. याचे किती अर्थ होऊ शकतात बघा. कारकुनाने विचारलंच नाही. विचारलं, पण खातेदाराला ठाऊक नव्हतं, कारण लहानपणीच विकलं गेल्यामुळे वडील कधी पाहिलेच नाहीत. ठाऊक होतं, पण सांगायचं नव्हतं. किंवा लिहिलं होतं, पण शाई उडालीय. उतरवणाऱ्याने या सगळ्याला एकच 'रिकामं' लिहिलं, तर चार वेगळ्या गोष्टी एक होतात. म्हणून 'कोरं' आणि 'वाचता येत नाही' यांच्यासाठी किमान दोन वेगळ्या खुणा हव्यातच.

तुमच्या प्रश्नावलीत, तुमच्या सेन्सरच्या फाईलमध्येही हेच होतं. शून्य, रिकामं आणि 'मोजलंच नाही' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सॉफ्टवेअरला त्या एकच दिसतील, तुम्हाला दिसता कामा नयेत.

चौथा धडा: दोघांचं एकमत म्हणजे सत्य नव्हे

१९४० च्या अमेरिकी जनगणनेचे कागद ७२ वर्षांच्या नियमाप्रमाणे २०१२ मध्ये खुले झाले. १ लाख ६० हजारांवर स्वयंसेवकांनी काही महिन्यांत १३ कोटी २० लाख नावं उतरवली. तिथे पद्धत अशी होती: एकच पान दोघांनी एकमेकांचं न बघता उतरवायचं, फरक आला तर तिसऱ्याने निवाडा करायचा.

गणित करू. समजा प्रत्येकजण १०० नोंदींत ५ चुका करतो. दोघांच्या चुका एकमेकांशी संबंध नसलेल्या असतील, तर एकाच नोंदीत दोघंही चुकण्याची शक्यता ०.०५ गुणिले ०.०५, म्हणजे ०.२५ टक्के. छान! पण इथेच थांबा. चुका खरंच स्वतंत्र असतात का? अक्षर खराब असेल तर ते दोघांनाही खराब. लांब एस दोघांनाही एफ वाटणार. म्हणजे दोघं एकमताने 'जेफ्सी' लिहिणार, फरक नाही म्हणून तिसऱ्याकडे जाणारच नाही, आणि चूक बिनबोभाट सूचीत बसणार. दुसऱ्याने पहिल्याचं वाचन बघून तपासायचं असेल तर आणखी एक अडचण: 'जेफ्सी' लिहिलेलं एकदा वाचलं की डोळ्यांना तेच दिसू लागतं.

आणखी एक छोटं, केवळ समजण्यासाठी घेतलेलं उदाहरण. खातेदाराने सही केलीय की फुली मारलीय, एवढंच १०० फॉर्मवर दोघांनी नोंदवायचं. दोघंही प्रत्येकी ९० ठिकाणी 'फुली' म्हणतात आणि ९० फॉर्मवर त्यांचं एकमत आहे. ९० टक्के एकमत, भारी वाटतं. पण फुल्याच इतक्या जास्त आहेत की न बघता याच प्रमाणात उत्तरं दिली असती तरी एकमत ८२ टक्के झालं असतं (०.९ चा वर्ग अधिक ०.१ चा वर्ग). जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा काढला तर तो येतो ०.४४. म्हणजे एकमत बरं आहे, भारी नाही. व्हायवात "ॲग्रीमेंट नव्वद टक्के होतं" असं सांगाल तेव्हा पुढचा प्रश्न हाच येणार, तयारी ठेवा.

पाचवा धडा: यादीत कोण नाही?

१८ लाख नावं उतरली म्हणजे ४० लाखांचा इतिहास मिळाला, असं नाही. ब्युरोच्या कागदांत येतो तो कचेरीपर्यंत पोचलेला माणूस. जो लांबच्या मळ्यावर अडकून राहिला, जो तक्रार करायला घाबरला, जो वाटेतच गेला, तो नाही. बँकेत येतो तो शाखा असलेल्या शहराच्या जवळचा आणि चार पैसे मागे टाकू शकणारा. शिवाय हे कागद लिहिले त्या माणसांनी नव्हे, तर कचेरीतल्या कारकुनांनी. त्यांचा स्वतःचा हात दिसतो तो बहुतेकदा फक्त त्या फुलीत. आपल्याकडच्या जुन्या दस्तांवर कुणब्याच्या सहीऐवजी 'निशाणी नांगर' असते, ती आठवून बघा. तेवढीच खूण त्याची, बाकी सगळा मजकूर लिहिणाऱ्याचा.

इथे आपला एक खरा दुवा आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं, ते अमेरिकेतल्या गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण करून. त्याच्या आदल्या वर्षी ब्युरो बंद पडला होता आणि पुढच्याच वर्षी बँक बुडाली. फुल्यांपर्यंत पोचली होती ती मुक्तीची बातमी. मुक्तीनंतर काय झालं, ते त्या वेळी कचेरीच्या कपाटांत होतं. आज ते वाचता येतं, कारण कुणीतरी एकेक ओळ उतरवली. शूद्रातिशूद्रांच्या स्थितीची अमेरिकेतल्या गुलामगिरीशी तुलना हा तुमचा विषय असेल, तर हे कागद तुमच्या वाचनात यायलाच हवेत.

आता यंत्रच वाचणार ना?

हा प्रश्न येणारच. १९५० च्या जनगणनेचे कागद २०२२ मध्ये खुले झाले, तेव्हा राष्ट्रीय अभिलेखागाराने नावं आधी यंत्राकडून वाचून घेतली आणि मग ती दुरुस्त करायची सोय लोकांना दिली. म्हणजे माणसाचं काम संपलं नाही, त्याची जागा बदलली. आणि हस्ताक्षर वाचणारं यंत्र शिकतं कशावर? माणसांनी उतरवलेल्या पानांवर. त्यांनी स्पेलिंग 'सुधारलं' असेल, तर यंत्रही सुधारून वाचायला शिकणार.

मग तुम्ही काय करा?

एक तर स्वतः महिनाभर असं काम करून बघा. स्मिथसोनियनचा उपक्रम घरबसल्या करता येतो. आठवड्याला चार पानं पुरेत. आपल्या मातीतलं काम हवं असेल तर मोडी शिका. पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तराचे रुमाल आहेत, राजवाड्यांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातला संग्रह आहे. मोडी वाचणारे कमी आणि कागद अफाट, अशी स्थिती आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज गावोगावी कशी भासली, ते आपण पाहिलंच. एका ओळीच्या वाचनावर एखाद्या घराचा दाखला अवलंबून असू शकतो.

हे काम करताना एक वही जवळ ठेवा. तिच्यात तीन रकाने करा: मला काय दिसलं, मी काय वाचलं, आणि तसं का वाचलं. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाका, ते टाकायला लाजू नका. आठ दिवसांनी तीच पानं पहिलं वाचन झाकून पुन्हा उतरवा आणि फरक मोजा. तुमचं स्वतःशी किती जमतं, हा आकडा तुमच्या पहिल्या मेथडॉलॉजी चॅप्टरसाठी उत्तम सराव आहे.

पुढच्या लेखात आपण हाच आकडा, म्हणजे कप्पा, साध्या एक्सेलमध्ये कसा काढायचा ते टप्प्याटप्प्याने बघू. तोवर चार पानं तरी उतरवून ठेवा, म्हणजे उदाहरणाला तुमचाच डेटा असेल.